काविळीचा विषाणू लिव्हरमध्ये शिरतो कुठून? आणि औषध त्याला अडवतं कुठे?

“आमच्या घरात सात पिढ्यांत कोणी दारूला हात लावला नाही, मग लिव्हरचा आजार आला कुठून?” हा प्रश्न आम्ही मलकापुरात किती वेळा ऐकला असेल, सांगता येणार नाही. कुणाच्या अब्बांच्या पोटात पाणी झालेलं असतं. कुणा मुलाचं गल्फचं तिकीट मेडिकलमध्ये अडकलेलं असतं. कुणा मुलीची मंगनी एका रिपोर्टवरून मोडायला आलेली असते. आजारापेक्षा लोकांच्या नजरांचाच त्रास जास्त. शेजारी मनात म्हणतात, लपून पीत असेल. घरातले ताट-वाटी वेगळी करतात. आणि ज्याला आजार आहे तो गोळ्या लपवून ठेवतो, किंवा बंदच करून टाकतो.

म्हणून या लेखात आम्ही मुळापासून सुरुवात करतो. काविळीचे विषाणू शरीरात आणि पुढे लिव्हरच्या पेशीत नेमके कसे शिरतात, ते आधी समजून घेऊ. हे एकदा कळलं की कुणापासून काय धोका आहे, कोणत्या गोष्टीला उगाच घाबरायचं नाही, लस कशासाठी, गोळी कशासाठी आणि ती बंद का करायची नाही, या सगळ्याची उत्तरं आपोआप मिळतात.

एक नाव, पाच आजार

हिपॅटायटिस म्हणजे यकृताला, ज्याला आपल्या घरांत जिगर म्हणतात, सूज येणं. कावीळ किंवा पीलिया हे त्याचं लक्षण आहे, आजाराचं नाव नाही. दारूने, काही औषधांनी, चरबीनेही लिव्हर सुजतं. पण जगभरात मोठा वाटा आहे तो पाच विषाणूंचा: ए, बी, सी, डी आणि ई. हे पाचही एकमेकांचे भाऊबंद नाहीत. प्रत्येकाची जात वेगळी. सारखं एवढंच, की सगळ्यांना राहायला लिव्हरच हवं असतं.

त्यांचे दोन गट करा म्हणजे गोंधळ होणार नाही.

ए आणि ई तोंडावाटे येतात. सांडपाणी मिसळलेलं पाणी, न धुतलेले हात, उघड्यावरचं सरबत आणि बर्फ हा त्यांचा रस्ता.

बी, सी आणि डी रक्तावाटे येतात. सुई, ब्लेड, वस्तरा, न तपासलेलं रक्त, बाळंतपणात आईकडून बाळाला, आणि पती-पत्नीच्या संबंधांतून. शेवटचे दोन रस्ते मुख्यतः बीचे. सीचा प्रसार त्या वाटेने कमी होतो.

ए आणि ई बहुतेक वेळा येतात आणि काही आठवड्यांत जातात. बी आणि सी मात्र वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहू शकतात. डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही, माणूस कामधंदा करत राहतो. वीस-पंचवीस वर्षांनी एकदम सिरोसिस किंवा लिव्हरचा कॅन्सर समोर येतो. दारू न पिणाऱ्या घरात लिव्हर खराब होण्याचं एक मोठं कारण हेच.

लिव्हरचं फाटक

विषाणू ही स्वतः जगणारी चीज नाही. त्याला पेशीच्या आत जाऊन तिथली यंत्रणा वापरावी लागते. आणि पेशीत कुणीही असंच शिरत नाही. प्रत्येक पेशीच्या भिंतीवर ठरावीक फाटकं असतात, आणि ठरावीक मालालाच ती उघडतात.

मलकापूरच्या बाजार समितीचं उदाहरण घ्या. माल घेऊन गेलेल्या गाड्या रिकामं बारदान परत घेऊन येतात. त्यांच्यासाठी एक फाटक ठेवलंय असं समजा. रोजच्या गाड्या, ओळखीचे ड्रायव्हर, चौकीदार फाटक उघडतो. आता कुणी चोर तसाच कागद दाखवून त्याच फाटकातून आत आला तर? फाटकाची काही चूक नाही. ते कामासाठीच ठेवलंय. चोराने फक्त त्याची किल्ली बनवली.

हिपॅटायटिस बी अगदी हेच करतो. आपलं लिव्हर पित्त बनवतं. चरबी पचवायला पित्तातले क्षार आतड्यात जातात. काम झालं की आतड्याच्या शेवटच्या भागातून ते पुन्हा रक्तात शोषले जातात आणि लिव्हरकडे परत येतात. ते परत आत घ्यायला लिव्हरच्या पेशीवर एक प्रथिन असतं. त्याचं नाव एनटीसीपी. हेच ते बारदानाचं फाटक.

बीचा विषाणू रक्तातून वाहत लिव्हरपर्यंत येतो. लिव्हरमधल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना छिद्रं असतात, त्यामुळे तो थेट पेशीला टेकतो. पेशीवर साखरेच्या साखळ्यांचा एक चिकट थर असतो, त्यात तो आधी अडकतो. ही पकड सैल असते. मग विषाणूच्या बाहेरच्या वेष्टणातला एक तुकडा, त्याला प्री-एस-वन म्हणतात, एनटीसीपीत जाऊन बसतो. ही पकड घट्ट. त्यानंतर पेशीवरच्या दुसऱ्या एका प्रथिनाच्या मदतीने तो आत ओढला जातो.

आत गेल्यावर वेष्टण गळून पडतं आणि विषाणूचा मजकूर पेशीच्या केंद्रात पोहोचतो. तिथे त्याची एक गोल, पक्की प्रत तयार होते. शास्त्रज्ञ तिला सीसीसीडीएनए म्हणतात. आपण तिला मूळ दस्त म्हणू. या दस्तावरून पेशी वर्षानुवर्षं नवे विषाणू छापत राहते. बीचा आजार मुळापासून जात नाही, त्याचं कारण हा दस्त.

एनटीसीपी हे फाटक प्रामुख्याने लिव्हरच्या पेशींवरच असतं. म्हणून बी प्रामुख्याने लिव्हरच पकडतो.

फाटक सापडलं २०१२ मध्ये

बीचा विषाणू शोधणारे अमेरिकन शास्त्रज्ञ बरुक ब्लुमबर्ग यांना १९७६ मध्ये नोबेल मिळालं. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै, तोच आता जागतिक हिपॅटायटिस दिवस आहे. विषाणू साठच्या दशकात सापडला, पण तो पेशीत कोणत्या फाटकातून शिरतो हे पुढची चार दशकं कुणालाच सापडलं नाही. अडचण अशी की प्रयोगशाळेतल्या उंदराला हा विषाणू लागतच नाही. उंदराचं फाटक आपल्यापेक्षा थोडं वेगळं आहे, किल्ली बसत नाही.

बीजिंगचे शास्त्रज्ञ वेनहुई ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खारीसारखा दिसणारा एक छोटा प्राणी, ट्री श्रू, वापरला. त्याच्या लिव्हरला बीचा विषाणू लागू शकतो. विषाणूचा प्री-एस-वन तुकडा गळासारखा टाकून त्याला काय चिकटतं ते त्यांनी बघितलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्यांनी उत्तर छापलं: एनटीसीपी.

डीचा विषाणूही याच फाटकातून शिरतो. डी अपुरा विषाणू आहे. त्याला स्वतःचं वेष्टण बनवता येत नाही, तो बीचं वेष्टण उसनं घेतो. म्हणून ज्याला बी नाही त्याला डी होऊच शकत नाही. बीची लस घेतली की डीपासूनही बचाव होतो.

सीची वाट वाकडी

हिपॅटायटिस सीचा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. त्या कामासाठी हार्वी ऑल्टर, मायकल हॉटन आणि चार्ल्स राईस यांना २०२० चं नोबेल मिळालं. याचं एका फाटकावर भागत नाही. तो रक्तातल्या चरबीच्या कणांत लपेटून फिरतो, म्हणजे लिव्हरला वाटतं रोजचंच पार्सल आलं. पेशीला टेकल्यावर सीडी-८१ आणि एसआर-बी-वन ही दोन प्रथिनं त्याला धरतात. मग तो पेशीच्या भिंतीवरून सरकत दोन पेशींच्या सांध्याशी जातो. तिथे क्लॉडिन आणि ऑक्लुडिन ही आणखी दोन प्रथिनं लागतात. तेव्हा कुठे तो आत जातो. पुढे तर तो रक्तात न येता एका पेशीतून शेजारच्या पेशीतही जाऊ शकतो.

शिवाय तो आपलं रूप फार लवकर बदलतो. म्हणून सीवर आजही लस नाही.

पण एक चांगली बाजू आहे. सी पेशीच्या केंद्रात दस्त ठेवत नाही. त्याचं छपाईचं काम बंद पाडलं की मागे काही उरत नाही. म्हणून सी पूर्ण बरा होतो. बी आणि सीमधला हा फरक प्रत्येक घराने लक्षात ठेवावा.

ए आणि ई: पाण्यातून आलेले

या दोघांना तोंडावाटे यायचं असतं, म्हणून ते टणक असतात. पोटातलं आम्ल त्यांना मारत नाही. आतड्यातून ते लिव्हरकडे जाणाऱ्या रक्तात पोहोचतात. पेशीवरच्या साखर-चरबीच्या काही रेणूंना धरून ए आत जातो, हे २०२० च्या संशोधनात पुढे आलं. ईचं फाटक नक्की कोणतं, यावर शास्त्रज्ञांचं काम अजून चालू आहे.

ईची ओळख मात्र आपल्याच देशातून झाली. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. तेव्हा सगळ्यांनी ती ए समजली. १९७८ मध्ये काश्मीर खोऱ्यात मोठी साथ आली. तिथले डॉक्टर मोहम्मद सुलतान खुरू गावोगाव फिरले. त्यांनी पाहिलं की गरोदर स्त्रिया यात जास्त दगावतात, आणि तपासण्यांत ए किंवा बी निघत नाही. हा कोणता तरी वेगळाच विषाणू आहे, असं त्यांनी १९८० मध्ये लिहिलं. पुढे रशियन शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेतला अर्क स्वतः पिऊन तो विषाणू दाखवला, आणि त्याला ई हे नाव मिळालं. दिल्लीची जुनी साथही ईचीच होती, हे नंतर साठवलेल्या नमुन्यांवरून कळलं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने यावर अनेक वर्षं काम केलं आहे.

ही फार लांबची गोष्ट नाही. २०१२ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, इचलकरंजीत, दूषित पाण्यातून ईची मोठी साथ आली आणि लोक दगावले. नळ आणि गटार शेजारून जातात तिथे, आणि दिवसाआड पाणी येणाऱ्या कोणत्याही गावात, पाइप रिकामा असताना घाण आत ओढली जाऊ शकते.

घरात कुणी शेवटच्या तिमाहीतली गरोदर असेल आणि कावीळ दिसली, तर झाडफूक, गळ्यातली माळ, डोळ्यात टाकायचे थेंब यात एक दिवसही घालवू नका. अशा वेळी ईमुळे पाचात एक किंवा चारात एक स्त्री दगावल्याच्या नोंदी आहेत. थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

माळ लांब होत जाते आणि कावीळ उतरते, असं लोक सांगतात. ए आणि ईची कावीळ माळ न घालताही बहुतेकांची उतरतेच. म्हणून माळेचं नाव होतं. पण ज्याची बी किंवा सीची कावीळ असते, त्याचे डोळे पांढरे झाले तरी विषाणू आतच राहू शकतो. घर खूश, आजार चालू.

आता उपचाराकडे: कोण कुठे अडवतं

*लस: फाटकाबाहेरचा पहारा.* बीच्या लशीत विषाणू नसतो, फक्त त्याच्या वेष्टणाचं एक प्रथिन असतं. ते बघून शरीर पहारेकरी तयार करतं. पुढे खरा विषाणू आला की हे पहारेकरी त्याच्या वेष्टणाला चिकटतात आणि तो फाटकापर्यंत पोहोचत नाही. भारतात तयार झालेली या प्रकारची पहिली लस हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये आणली आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. आता सरकारी लसीकरणात बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस, आणि पुढे ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलेंटमधून मिळतो. मोठ्यांना तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी.

पहिल्या २४ तासांचा आग्रह का? कारण बाळपणी बी लागला तर दहातल्या नऊ बाळांमध्ये तो कायमचा बसतो. मोठ्या माणसात शंभरातल्या पाचांपेक्षाही कमी जणांत. घरी बाळंतपण झालं, “चाळीस दिवस झाले की बघू” म्हटलं, तर वेळ निघून जाते.

*तयार पहारेकरी.* आईला बी असेल तर बाळाला लशीसोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही देतात, शक्यतो १२ तासांत. लस स्वतःचे पहारेकरी बनवायला वेळ घेते, हे इंजेक्शन तयार पहारेकरीच देतं. आईच्या रक्तात विषाणू फार असतील तर डॉक्टर गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तिलाही गोळी सुरू करतात. एवढं केलं तर बहुतेक बाळं वाचतात. अशी आई आपलं दूध बाळाला देऊ शकते.

*फाटक बंद करणारं औषध.* एनटीसीपी सापडण्याआधीच जर्मनीत हायडेलबर्गचे स्टेफन उर्बान आणि सहकारी प्री-एस-वनच्या तुकड्यासारखंच एक औषध बनवत होते. खोटी किल्ली आधीच कुलपात घालून ठेवायची, म्हणजे चोराची किल्ली बसणार नाही. त्याचं नाव बुलेव्हिर्टाइड. युरोपात २०२० मध्ये डीच्या रुग्णांसाठी त्याला सशर्त मान्यता मिळाली, आणि २०२३ मध्ये पूर्ण. रोज त्वचेखाली इंजेक्शन घ्यावं लागतं.

मग पित्ताच्या क्षारांचं काय, त्यांचं फाटक बंद झालं ना? रक्तात ते वाढतात खरे, पण बहुतेकांना त्रास होत नाही, कारण लिव्हरकडे त्यांच्यासाठी दुसरे छोटे दरवाजेही आहेत. जन्मतःच हे फाटक नीट न चालणारी माणसंही आढळली आहेत, आणि ती जगतात.

हे औषध आज मलकापूरच्या मेडिकलमध्ये मागायला जाऊ नका. ते मुख्यतः डीसाठी आहे. नव्या पेशींत होणारा शिरकाव ते थांबवतं, पण आधीच आत बसलेला बीचा दस्त पुसत नाही. त्याची माहिती देण्याचं कारण वेगळं आहे. एक फाटक सापडलं आणि त्यावरून औषध उभं राहिलं. बी मुळापासून काढण्यासाठी पुढे जी औषधं येतील, त्यांत फाटक बंद करणं हा एक भाग असू शकेल.

*छपाई थांबवणाऱ्या गोळ्या.* बीसाठी आज टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर देतात. या गोळ्या फाटकावर काम करत नाहीत, आतल्या छपाईवर करतात. दस्त तसाच राहतो, पण नवे विषाणू निघणं जवळजवळ बंद होतं. लिव्हर सावरतं, सिरोसिस आणि कॅन्सरचा धोका कमी होतो. बीच्या प्रत्येकाला गोळी लागतेच असं नाही. ते रक्तातल्या विषाणूंची संख्या आणि लिव्हरची अवस्था बघून डॉक्टर ठरवतात. पण सुरू झाली की मनाने बंद करायची नाही. दस्त आत आहे. छपाई एकदम सुरू झाली तर लिव्हर अचानक बिघडू शकतं, जीवही जाऊ शकतो. “रिपोर्ट नॉर्मल आला, बंद केली,” ही चूक आपल्या घरांत फार होते.

सीसाठी सोफोस्बुव्हिरसोबत डॅक्लाटास्व्हिर किंवा वेल्पाटास्व्हिर, बहुतेकांना १२ आठवडे. शंभरातले ९५ किंवा जास्त जण बरे होतात. हेच सोफोस्बुव्हिर अमेरिकेत आलं तेव्हा एका गोळीची किंमत १,००० डॉलर होती. २०१४ मध्ये भारतीय कंपन्यांना बनवायची परवानगी मिळाली आणि चित्र बदललं. सीचा इलाज सुरू करण्याआधी बीची तपासणी झाली आहे ना, हे विचारा. दोन्ही असतील आणि फक्त सी दाबला, तर बी उसळू शकतो.

घरातले प्रश्न

*एका ताटात जेवावं का?* हो. बी आणि सी रक्तातून जातात. एका थाळीत जेवणं, एक ग्लास, मुसाफा, गळाभेट, एकाच वजूखान्यावर वजू, यातून ते लागत नाहीत. अम्मीचं ताट वेगळं करू नका. वेगळं ठेवायचं ते ब्लेड, वस्तरा, नेलकटर आणि टूथब्रश.

*न्हाव्याकडे, खतना, हिजामा?* बीचा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तात, निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. पाण्यात बुडवून काढलेला वस्तरा स्वच्छ नसतो. दाढीला नवं ब्लेड डोळ्यांसमोर फोडायला लावा. मुलाचा खतना शक्यतो डॉक्टरकडे, निर्जंतुक साहित्याने करा. हिजामाला ब्लेड आणि कप नवे, एकदाच वापरायचे. कान टोचतानाही सुई नवी. हे विचारण्यात बेअदबी नाही. २००९ मध्ये गुजरातच्या मोडासा गावात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने बीची साथ आली आणि कित्येक जीव गेले. ते गावही तेव्हा आपल्या मलकापूरसारखंच तालुक्याचं गाव होतं.

*रक्त चढवलं होतं.* जुन्या काळात रक्त आजच्यासारखं तपासलं जात नव्हतं. १९८२ मध्ये ‘कुली’च्या शूटिंगमध्ये जखमी झाल्यावर अमिताभ बच्चन यांना अनेक दात्यांचं रक्त द्यावं लागलं, त्यातून बी लागला आणि अनेक वर्षांनी कळलं, असं त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. आज रक्तपेढ्यांना बी आणि सी दोन्हींची तपासणी सक्तीची आहे. पण ज्यांना २००० च्या आधी रक्त चढलं आहे, ज्यांचं डायलिसिस चालू आहे, ज्यांच्या आईला किंवा भावंडाला बी आहे, त्यांनी एकदा तपासून घ्यावं.

*मंगनी मोडावी का?* बीसाठी: होणाऱ्या जोडीदाराने निकाहच्या आधी तीन डोस पूर्ण करावेत आणि पहारेकरी तयार झाले का ते रक्त तपासून बघावं. मग नातं तोडण्याचं कारण उरत नाही. सीसाठी: आधी इलाज, तीन महिन्यांचा प्रश्न. लपवणं मात्र चूक. लपवल्याने समोरच्याचा लस घेण्याचा हक्क जातो.

*गल्फचं मेडिकल.* गल्फ देशांच्या तपासणीत बी किंवा सी निघाला तर अनफिट ठरवतात. अनेक मुलांना आपला आजार तिथेच पहिल्यांदा कळतो. एजंटला पैसे भरण्याआधी इथेच साधी एचबीएसएजी आणि सीची तपासणी करून घ्या. सीबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. बरं झाल्यावरही अँटिबॉडीची तपासणी पॉझिटिव्हच येत राहते. विषाणू गेला की नाही हे आरएनएच्या तपासणीवरून कळतं. तो रिपोर्ट जपून ठेवा. अनफिटचा शिक्का बसला म्हणून मुलगा घरात तोंड लपवून बसला असेल, तर त्याला आधी डॉक्टरकडे न्या. नोकरी गेली तरी आजार वेळेत कळला, हे कमी नाही.

*रमजानमध्ये गोळी?* डॉक्टरांना विचारून वेळ ठरवता येते. एन्टेकॅव्हिर रिकाम्या पोटी लागतं: जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या जेवणाआधी दोन तास. म्हणजे इफ्तारचं जेवण आणि सहेरी यांच्या मधल्या रात्री, तरावीहनंतर काही खाल्लं नाही तर झोपताना जमतं. टेनोफोव्हिर जेवणासोबत घेता येतं, रोज एकाच वेळी. सिरोसिस पुढे गेलेला, पोटात पाणी झालेला माणूस डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा धरू नये.

मलकापूरकरांनी जायचं कुठे?

केंद्र सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. त्यात बी आणि सीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. आधी आपल्या सरकारी रुग्णालयात तपासणीबद्दल विचारा, आणि कार्यक्रमाचं नाव घेऊनच विचारा. उपचारासाठी कार्यक्रमात जिल्हा पातळीवर केंद्रं आहेत, म्हणजे मोताळा, राजूर घाट करून बुलढाण्याचं जिल्हा रुग्णालय. गुंतागुंतीच्या केससाठी अकोल्याचं सरकारी मेडिकल कॉलेज. जाताना जुने सगळे रिपोर्ट आणि आधार कार्ड सोबत न्या. एका खेपेत काम होईलच असं नाही, हे आधीच गृहीत धरा.

बी असलेल्या माणसाने दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी कधी करायची हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. घरातल्या बाकी सगळ्यांची एचबीएसएजी करा. निगेटिव्ह निघतील त्यांना लस. पॉझिटिव्ह निघतील त्यांना डॉक्टर. घरात कुणी पॉझिटिव्ह निघालं तर पहिला प्रश्न “कुठून आणलंस?” असा विचारू नका. बहुतेकांना ते माहीतच नसतं. कदाचित जन्मताच आलं असेल.

चोर फाटकातून आला तर आपण घर सोडत नाही. फाटकावर पहारा बसवतो आणि आत शिरलेल्याचा बंदोबस्त करतो. बीसाठी पहारा आहे, सीसाठी बंदोबस्त आहे, ए आणि ईसाठी उकळलेलं पाणी आणि साबणाचे हात आहेत. या जुम्याच्या नमाजनंतर घरात चहा पिताना एवढं तरी विचारा: आपल्यापैकी तपासणी कुणाकुणाची झाली आहे?